उम्म खालिदच्या गच्चीच्या दोन पन्हळी

वाळवंटात पाण्याने घरे खराब होतात, असे मी वसईला गेल्यावर सांगते, तेव्हा ऐकणारा आधी हसतो आणि मग आवाज उतरवून माझ्या तब्येतीची चौकशी करतो. बहारीन म्हणजे वाळू, वाळू म्हणजे कोरड, आणि कोरड्या मुलखात ओल शोधून पोट भरणारी बाई म्हणजे एक तर लबाड, नाही तर कवयित्री. यांतली दुसरी मी काही काळ होते. मराठी घेऊन एम.ए. केले. लघुप्रबंध ओव्यांमधल्या पाण्याच्या प्रतिमांवर लिहिला. त्यानंतरचे माझे सारे आयुष्य पाण्याच्या डागांवर गेले. माझ्या मार्गदर्शक बाईंना मी हे एकदा कळवले. त्यांनी उत्तरादाखल नाताळचे भेटकार्ड पाठवले, त्यात या विषयाचा उल्लेख नव्हता.

या धंद्यात मी शिरले ती माझ्या कोणत्याही गुणामुळे नव्हे. नवरा इथल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये. मी मीना सलमान बंदराच्या गोदामांच्या गर्दीत ऑफिस थाटलेल्या एका कंपनीत फोन उचलायला बसले. कंपनी गळत्या शोधायची आणि बुजवायची. आमचा इंजिनिअर हुशार होता, पण पुरुष होता. दिवसा जुन्या घरांत बायकाच असत. परक्या पुरुषाला निजायच्या खोलीत, न्हाणीघरात, कपाटामागे जाता येत नसे, आणि ओल तर नेमकी तिथेच असते. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "मिसेस, तुम्ही आत जा. काय दिसतं ते बाहेर येऊन ह्याला सांगा." मी आत गेले. बाहेर आले. इंजिनिअर एसी लावून गाडीत बसला होता. मी भिंतीचा रंग, वास, स्पर्श आणि डागाच्या कडेची नक्षी सांगत गेले. त्याने अर्ध्यात थांबवले. "मॅडम, ओली की कोरडी?"

पुढे तो दुबईला गेला. त्याला तिथे इमारतींचे बाह्यांगच तपासायचे होते. मी दोन-चार कोर्स केले, सहीचा अधिकार मिळवला, आणि मुहर्रक या जुन्या शहराच्या गल्लीबोळांतल्या म्हाताऱ्या मला 'मदाम माय' म्हणू लागल्या. इथल्या बोलीत माय म्हणजे पाणी. मी मराठी अर्थ कोणाला सांगितला नाही; तेवढी एक गोष्ट स्वतःपुरती ठेवली.

धंदा थोडक्यात समजावते. जुन्या घरात पाणी येण्याच्या वाटा ठरलेल्या असतात, आणि प्रत्येक वाटेच्या पाण्याचा स्वभाव वेगळा असतो. पहिले पाणी जमिनीतून येते. हे बेट आहे; चार फावडी खणले की खाली समुद्र आहे, आणि समुद्रातल्याच प्रवाळाच्या दगडांनी बांधलेली जुनी घरे आपले मूळ विसरलेली नाहीत. ती खालून पाणी पितात. पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि मीठ भिंतीवर फुलते. माझे आजोबा मिठागरात राबले; त्या फुलांवर नख फिरवले की उमटणारी बारीक तडतड मला बाळपणापासून ठाऊक आहे. दुसरे पाणी एसीचे. यंत्र हवेतून पाणी काढते, ते एका करंगळीएवढ्या नळीने बाहेर जायचे. नळीत धूळ बसते, आणि पाणी मुकाट्याने भिंतीच्या पाठीमागे उतरते. ते थंड असते आणि त्याला कोणत्याच गावची चव नसते. तिसरे गच्चीवरच्या टाकीचे. फ्लोट अडकला की ते रात्रंदिवस सांडते, आणि जुलैत त्यात चहा व्हावा इतके तापलेले असते. शेवटचे पावसाचे. ते हिवाळ्यात मोजक्या वेळा येते, म्हणून त्याची वाट सगळे विसरतात. पाणी मात्र विसरत नाही.

कंपनीने मला ओल मोजायचे एक यंत्र दिले आहे. भिंतीला टेकवले की ते कुंईकुंई करते. गिऱ्हाइकांना ते फार आवडते, कारण ते भिंत ओली असल्याचे सांगते. हे त्यांना आधीच माहीत असते. भिंत का ओली आहे, याबद्दल यंत्राचे मत नाही. गिऱ्हाइकांचे असते. घरमालकाच्या मते कारण भाडेकरू, भाडेकरूच्या मते घरमालक, आणि दोघांचे एकमत व्हायचेच असेल तर ते मागे येऊन गेलेल्या प्लंबरवर होते, कारण तो एव्हाना आपल्या देशी परतलेला असतो.

आपली माणसे यात मागे नाहीत. रिफामध्ये एका जुन्या व्हिलात एक मराठी साहेब राहत. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. ऑगस्टात त्यांच्या दिवाणखान्याची भिंत घामाघूम. मी गेले तेव्हा एसी पूर्ण जोरात चालू आणि घरातल्या सर्व खिडक्या सताड उघड्या. बाहेरची हवा म्हणजे नुकत्याच उघडलेल्या कुकरची वाफ. ती आत येत होती, थंड भिंत पाहून तिला बिलगत होती आणि थेंबाथेंबाने खाली उतरत होती.

"खिडक्या बंद ठेवा," मी म्हटले.

"मॅडम, ओल आली की खिडक्या उघडतात. हवा खेळती हवी. आमच्या आईपासूनची पद्धत आहे."

"तुमच्या आईंच्या घरी एसी होता?"

"छे, छे. तिला एसी सोसतच नाही."

साहेबांना रिपोर्टात 'बांधकामातील गंभीर दोष' हवे होते. मी निष्कर्षाच्या जागी 'खिडक्या' असा एकच शब्द लिहिला. नंतर एका हळदीकुंकवात त्यांच्या पत्नी मला भेटल्या आणि माझी ओळख करून देताना म्हणाल्या, "ह्या भिंती बघतात." स्वरात सहानुभूती होती.

पण हे सारे किरकोळ. ज्या घरासाठी हा लेख लिहायला घेतला, ते मुहर्रकमध्ये विमानतळाच्या इतके जवळ आहे की विमान जाईपर्यंत वाक्य तोंडात धरून ठेवावे लागते.

त्या हिवाळ्यातला पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता. उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई, त्या घरात एकट्या राहत. नवऱ्याचा मुंबईशी कापडाचा व्यापार होता, तेव्हाची मोडकी हिंदी त्यांच्या जिभेवर अजून शाबूत होती. दार उघडले तेव्हा मेंदीने लाल झालेली त्यांची बोटे आधी दिसली, मग वेलची आणि गुलाबपाण्याचा वास आला, आणि त्या वासाच्या मागून ओल्या चुन्याचा.

"मदाम माय, आओ. सुनो."

बघा नव्हे, सुनो. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, भांडी मांडली होती: ॲल्युमिनियमचे पातेले, प्लॅस्टिकची बादली, पितळेची परात. छतातून थेंब पडत होते आणि प्रत्येक भांडे आपापल्या सुरात उत्तर देत होते. मी मान वर केली. खारफुटीच्या लाकडांचे वासे, एकाआड एक लाल आणि निळे रंगवलेले. त्यांच्यावर खजुराच्या पात्यांची विणलेली चटई. ही लाकडे सासऱ्यांच्या काळी आफ्रिकेहून गलबतातून आली, असे उम्म खालिद म्हणाल्या. मधल्या एका निळ्या वाशाचा रंग ओघळून भिंतीवर उतरला होता. त्या ओघळाला बोट लावून चाखून पाहिले: चव मातकट, खारट नाही. पाणी खालचे नव्हते. वरचे होते.

वर परब राहत. या मजलिसच्या डोक्यावर मोकळी गच्ची आणि गच्चीच्या टोकाला नंतर बांधलेल्या दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत कुडाळकडचे अनंत परब, त्यांच्या पत्नी सुलभा आणि दहावीतली मुलगी श्रावणी. परब एका हॉटेलच्या लाँड्रीत होते. सुलभाताई विमानतळावर शिफ्टने राबणाऱ्या मुलांना पोळी-भाजी पुरवत. ती मुले ड्युटीवर जाता-येता चालत येऊन डबे नेत. घर सुटले असते तर स्वयंपाक कुठेही करता आला असता, पण ही गिऱ्हाइके चालत कुठेही आली नसती. आणि मुलीचे ते दहावीचे वर्ष.

खालिदला ते घर रिकामे हवे होते. तो स्वतः रिफाच्या नव्या व्हिलात राहत असे आणि दर शुक्रवारी आईकडे येई. जुन्या घरांत कॉफीची दुकाने काढायची टूम मुहर्रकमध्ये आली आहे. प्रवाळी भिंत, पिवळा दिवा, आणि एवढ्याशा कपात पुष्कळसा फेस. खालिदने नकाशे काढून घेतले होते. त्यात वरच्या दोन खोल्यांच्या जागी 'रूफटॉप' होते आणि आईच्या निजायच्या खोलीत कॅश काउंटर. भाडेकरूंमुळे घर कोसळते आहे असे एकदा कागदावर आले की परब निघतील, आणि ते निघाले की एकटी आई रिफाला येईल, असा त्याचा हिशेब. मला बोलावले होते त्यानेच.

त्याने गाडीतून फोन केला. इंग्रजी अगदी इस्त्रीचे. "मला एकच ओळ हवी आहे, मदाम. 'भाडेकरूंच्या निष्काळजीपणामुळे.' बाकीचं साहित्य नको."

हा शब्द त्याने सहज वापरला होता. मला लागायचा तो लागलाच.

मी गच्चीवर गेले. पाणी अजून दोन कडांना घोट्याएवढे उभे होते; मधला भाग उघडा पडला होता. गच्चीच्या कोपऱ्यात अंगणाकडे उतरणारी एक पन्हळ होती. तिचे तोंड भिंतीत, पुढे पाइप. मी हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि मऊ, थंड, गुळगुळीत अशा कशाला तरी टेकला. वाळू नव्हे. वाळू बोटांना बोचते. हे बोटांना ओळख दाखवत होते. मूठभर उकरून काढले आणि नाकाशी नेले.

शाळेच्या आणि चर्चच्या वाटेवर, वसईत, गणपतीच्या मूर्तींचा एक कारखाना होता. श्रावण लागला की त्या दारातून हाच वास येई, आणि आम्ही चर्चला उशीर होईपर्यंत तिथे उभ्या राहत असू. शाडू. मी तो गोळा मधून मोडला. राखी मातीत बारीक लाल रेघा होत्या, एकीवर एक. एका थरात दूर्वेची काडी जशीच्या तशी. खाली कुठेतरी सोनेरी कण चमकला. दर वर्षीचा एक थर, आणि दोन थरांमध्ये एकेक उन्हाळा, ज्याने तो भाजून विटेसारखा केलेला.

मी वळले. सुलभाताई दारात उभ्या होत्या, मागे परब. त्यांना विचारावे लागले नाही.

"गणपतीचा पाणी काय मोरयेत ओतूचा, मॅडम?" त्या म्हणाल्या. "हय झाड नाय, व्हाळ नाय. दर्यार नेऊक कोणाक इचारूचा, ता म्हायत नाय. ही पावसाची वाट, म्हणान चोखट."

म्हणजे असे: गावाहून येणाऱ्या कोणाच्या तरी हँडबॅगेत, टॉवेलात गुंडाळून वीतभर गणपती येत असे. दीड दिवस राहत असे. मग गच्चीवर, टबात विसर्जन. आणि त्या टबातले पाणी जिथे आंघोळीचे, खरकट्याचे पाणी जाते तिथे ओतणे पाप, म्हणून ते अत्यंत श्रद्धेने पावसाच्या पन्हळीत. पाऊस नेईल. पावसाने नेले नाही. इथला पाऊस एवढ्या कामाला पुरत नाही.

"बाबा, आय टोल्ड यू," आतून श्रावणीचा आवाज आला. "इट्स क्ले. क्ले ब्लॉक्स थिंग्ज."

"गप ऱ्हव गे. अभ्यास कर," परब म्हणाले, आणि मग हात जोडून माझ्याकडे वळले. "मॅडम, मातीचा तेवढा लिवू नकात. आमका हयसून काढल्यानी तर चेडवाचा वर्स जातला. तुमी आपल्यातल्या." त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या क्रुसावर गेली, तिथे क्षणभर अडखळली. "म्हणजे... मराठी."

मला हसू आले, आणि रागही. एका बाजूने एक ओळ मागितली जात होती, दुसऱ्या बाजूने एक ओळ गाळायला सांगितले जात होते, आणि दोन्ही बाजूंना माझ्या लेखनाविषयी एवढी आस्था पूर्वी कधीच कोणाला वाटली नव्हती.

"माती मी लिहिणार," मी म्हटले. "ती खरी आहे. ती टाकून देऊ नका. जपून ठेवा."

सुलभाताईंनी ती माझ्या हातून घेतली, पण खाली ठेवली नाही. आतून स्टीलचे ताट आणले, पुसले, आणि गटार तुंबवल्याचा पुरावा त्यावर अदबीने मांडला.

खरे तर इथे काम संपले होते. पण गच्चीवर पाणी ज्या रीतीने उभे होते ते मला पटेना. मी मगभर पाणी मधोमध ओतले आणि बघत राहिले. अर्धे अंगणाच्या कोपऱ्याकडे गेले. उरलेले अर्धे मात्र नेमके उलट दिशेला, गल्लीच्या बाजूला निघाले, ठामपणे, वाट माहीत असल्यासारखे. आणि कोऱ्या भिंतीशी जाऊन थांबले. बाहेरगावाहून आलेला माणूस जुन्या मित्राच्या दाराशी यावा आणि दाराच्या जागी भिंत निघावी, तसे.

खाली गल्लीत गेले. दर्शनी भिंतीला नवे क्रीम रंगाचे सिमेंट प्लॅस्टर होते, केकवरच्या आयसिंगसारखे गुळगुळीत. प्रवाळी दगडाला सिमेंटने लिंपणे म्हणजे धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर हात ठेवणे. पण तो वेगळा लेख होईल. गच्चीच्या पातळीला एका जागी प्लॅस्टर किंचित फुगलेले होते. काठीने ठोकले. पोकळ आवाज आला. त्या जागेच्या बरोबर खाली तेलाचे दोन जुने डाग होते, गाडी रोज नव्हे पण नेमाने उभी राहते असे सांगणारे.

ऑफिसात साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, "रिपोर्ट कोणी मागवला?"

"मुलाने."

"मग कारण भाडेकरूंकडे सापडायला हवं."

"सापडलंय. पण अर्धंच."

"मिसेस, गिऱ्हाईक अर्ध्यावर खूश असेल तर आपण पूर्ण कशाला करायचं?"

या वाक्यावर कंपनी उभी होती, हे मला तोवर इतके स्पष्ट कळले नव्हते. मी फक्त एवढीच सवलत मागितली की रिपोर्ट टाइप होण्याआधी तो घरमालकिणीला तोंडी सांगेन; त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. साहेबांना यात धोका दिसला नाही. म्हाताऱ्या बायका त्यांना धोक्याच्या वाटत नसत.

शुक्रवारी दुपारी सगळे गच्चीवर जमलो. खालिद शुभ्र, कडक इस्त्रीच्या पायघोळ थोबमध्ये, मुंबईच्या अत्तराऐवजी पॅरिसच्या वासात. परब हॉटेलच्या युनिफॉर्ममध्येच. सुलभाताईंच्या हातात ते ताट. आणि जिन्यावरून, कठड्याला धरून, पायरीगणिक 'या अल्ला' म्हणत उम्म खालिद. गुडघ्यांमुळे त्या कित्येक वर्षांत वर आल्या नव्हत्या.

खालिदने ताट पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला. "देखो, यम्मा! मिट्टी! इन लोगों ने पाइप में मिट्टी डाला। खलास. ये लोग जाएगा।"

परबांनी मान खाली घातली. सुलभाताईंनी ताट मात्र खाली केले नाही.

उम्म खालिदनी त्यातला एक तुकडा उचलला, वास घेतला, दोन बोटांत चोळला. "ये क्या है?"

सुलभाताईंची हिंदी त्यांच्या मालवणीच्या सावलीतून येते. "अम्मा, हमारा देव है। मेहमान के जैसा आता है। डेढ़ दिन रहता है। फिर पानी में जाता है।"

"हर साल आता है?"

"हर साल।"

"और वापस जाता है? हर साल?"

"हां, अम्मा।"

उम्म खालिदनी यावर विचार केला. मग माझ्याकडे वळल्या. "मदाम माय. तुम बोलो. पानी ये मिट्टी से आया?"

अनंत परब माझ्याकडे बघत होते; खालिदही. मी म्हटले, "हां. मिट्टी से आया." परबांचे खांदे उतरले. मी बादली उचलली. "लेकिन पूरा नहीं. देखो."

आणि गच्चीच्या मध्यावर बादली उलटी केली. पाणी दुभंगले. एक धार मातीच्या पन्हळीकडे गेली. दुसरी त्या कोऱ्या भिंतीशी जाऊन थांबली, फिरून उभी राहिली, आणि कठड्याच्या बुडाशी असलेल्या एका फटीतून हळूच आत शिरू लागली. सगळे ते बघत होते. खालून, मजलिसमधून, परातीवर पडलेल्या थेंबाचा आवाज आला.

"इधर मर्झाम था," उम्म खालिद म्हणाल्या. मर्झाम म्हणजे गच्चीवरचे पाणी गल्लीत दूर फेकणारी लाकडी पन्हळ. "मेरे ससुर ने लगाया. लकड़ी का. किधर गया?"

नेमके तेव्हाच एक विमान उतरायला आले आणि गच्चीवरचे सगळे आवाज त्याने झाकून टाकले. खालिदचे ओठ हलले. विमान गेले. त्याला वाक्य पुन्हा म्हणावे लागले, आणि ते दुसऱ्यांदा जास्तच हलके वाटले.

"पुराना था, यम्मा. नया प्लॅस्टर में अच्छा नहीं दिखता था. बंद किया."

"तुम?"

"कॉन्ट्रॅक्टर ने."

"कॉन्ट्रॅक्टर को कौन बोला?"

खालिदने घड्याळ पाहिले. उम्म खालिदनी हातातला शाडूचा तुकडा पुन्हा ताटात ठेवला, अगदी हळू, जणू तो मोडेल. मग त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, आणि माझ्या सबंध नोकरीत मी ऐकलेला हा सर्वांत नेमका अहवाल आहे:

"खालिद. इनका मेहमान साल में एक बार आता है, मिट्टी छोड़ के जाता है. तू हर जुम्मा आता है, सिमेंट छोड़ के जाता है. मिट्टी मैं निकालेगी. सिमेंट तू निकाल."

"यम्मा, घर पुराना है. गिर जाएगा. रिफा में तुम्हारा कमरा तैयार..."

"रिफा में मेरे ऊपर कौन रहता है? कोई नहीं. इधर सुबह रोटी का आवाज आता है." त्यांनी तळहातावर तळहात आपटून पोळी थापण्याचा आवाज काढून दाखवला. सुलभाताई पोळी लाटतात, थापत नाहीत. पण त्या क्षणी कोणी दुरुस्ती केली नाही. "मैं इधर. ये लोग इधर. खलास."

मग त्या परबांकडे वळल्या, आणि आवाज तसाच धारदार ठेवला. "और तुम. तुम्हारा मेहमान का पानी मेरे छत पर मफी, नहीं. नीचे लाओ. मेरा कनार को दो." कनार म्हणजे आपली बोर; अंगणात खाऱ्या जमिनीशी भांडत एक वाकडी बोर उभी होती, आणि परबांना इतकी वर्षे जे झाड 'हय नाय' होते ते त्यांच्या जिन्याखालीच होते. तिथे उतरून विचारायचे धाडस मात्र त्यांना झाले नव्हते, आणि उम्म खालिदनाही कधी वर येऊन बघावेसे वाटले नव्हते.

मी रिपोर्ट लिहिला. दोन कारणे, दोन ओळी, दोन फोटो. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "यात कोणीच खूश होणार नाही." मी म्हटले, छत होईल. त्यांनी तो विनोद समजून घेतला नाही, आणि रिपोर्ट गेला, कारण उम्म खालिदनी तो आपल्या नावे मागून घेतला होता.

गल्लीकडचे सिमेंट निघाले आणि मर्झाम परत बसला; पण छत पूर्ण वाचले नाही, हेही लिहायला हवे. तो मधला निळा वासा आतून पिठासारखा झाला होता. गवंड्याने हात लावताच त्याचे कण आमच्या केसांवर पडले आणि खोलीभर एक जुना, गोडसर, जहाजाच्या तळासारखा वास पसरला. त्याच्या जागी आता लोखंडी तुळई आहे. ती निळी रंगवली आहे. उम्म खालिद तिच्याकडे बघत नाहीत. असे वासे मी आणखीही पाहिले आहेत, वाचवलेही आहेत. त्यांतल्या काहींच्या खाली आता कॉफी मिळते. मी कोरडी केलेली एक भिंत पाठीशी घेऊन लोक फोटो काढतात आणि तिच्यावरच्या मिठाच्या डागाला 'टेक्स्चर' म्हणतात. तो डाग घालवण्यासाठी मी एक सबंध उन्हाळा भांडले होते. मालकाने तो मुद्दाम ठेवला.

श्रावणी दहावी झाली. पुढच्या भाद्रपदात टब अंगणात उतरला. मला बोलावले होते. मी नारळ घेऊन गेले. आरती परबांनी खालच्या पट्टीत म्हटली, भिंतींना ऐकू जाईल एवढीच. उम्म खालिद आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर नव्हे, पण दार बंदही नव्हते. मूर्ती विरघळल्यावर ते राखी पाणी बोरीच्या बुंध्याशी ओतले. बोरीला ते मानवले की नाही, सांगता येत नाही. बोरे पूर्वीइतकीच आंबट आहेत.

हिवाळ्यात पाऊस आला. इथला पाऊस येतो तो निरोप न देता; दुपारीच आभाळ पितळी झाले, धुळीला वास सुटला, आणि बघता बघता मीना सलमानच्या गोदामांच्या पत्र्यांवर ताशे वाजू लागले. मी टेबलावरचा फोन सरळ करून ठेवला. अशा दिवशी तो वाजतोच. वाजला. खालिद. शुक्रवार होता.

"मदाम, लीकेज! बिग लीकेज! तुम्ही काय दुरुस्त केलंत? भिंतीतून पाण्याचा लोट पडतोय, सरळ माझ्या गाडीवर. गाडी नवी आहे!"

"कोणत्या भिंतीतून?"

"गल्लीच्या. वरून. लाकडी नळीतून."

त्याच्या मागे मला पावसाचा आवाज ऐकू येत होता, पत्र्याच्या टपावर पडणाऱ्या जाड धारेचा, अगदी निरोगी आवाज. आणि त्याच्याही मागे एक म्हातारी आणि एक मालवणी बाई, दोघी कोणत्या तरी एका भाषेत हसत होत्या.

"आणि आत? मजलिसमध्ये?"

दार ढकलल्याचा आवाज आला, मग पावले, मग पाऊस बाहेर राहिल्यासारखी शांतता. मी थांबले. त्या शांततेत एकही थेंब वाजला नाही.

"आत कोरडं आहे," तो म्हणाला.

"मग ही गळती नव्हे, मिस्टर खालिद. हा पाऊस आहे. गाडी तेवढी पुढे घ्या."